कागलची लेक, इंदूरची सून आणि अमेरिकेची नर्स

रेल्वे स्टेशनवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर वर्षानुवर्षं खपणारा एक कादंबरीप्रकार आहे. वाळवंटातला गर्भश्रीमंत शेख, त्याच्या इस्पितळात नोकरीला आलेली साधी नर्स, आणि दोघांच्या अडचणीतून जुळलेलं लग्न. त्याला गादीसाठी बायको हवी असते, तिला घरच्या कर्जासाठी किंवा भावाच्या ऑपरेशनसाठी पैसा हवा असतो. लग्न कागदावरचं असतं, प्रेम मागाहून येतं आणि शेवटच्या पानावर सगळं गोड होतं. या प्रकाराची पणजी म्हणावी अशी ई. एम. हल या इंग्रज लेखिकेची ‘द शेख’ ही कादंबरी १९१९ साली आली. १९२१ मध्ये रुडॉल्फ व्हॅलेंटिनोला घेऊन तिच्यावर मूकपट निघाला, आणि अरबी वेशातला तो नायक जगभरच्या तरुणींच्या मनात जाऊन बसला.

त्याच १९१९ साली कोल्हापूर संस्थानात लग्नाबद्दलच वेगळं काम चाललं होतं. बायकोला क्रूरपणे वागवणाऱ्या नवऱ्याला आणि सासरच्यांना शिक्षा व्हावी, नांदणं अशक्य झालेल्या बाईला काडीमोड मिळावा, जात वेगळी असली तरी लग्न कायदेशीर ठरावं, यासाठी राजर्षी शाहू छत्रपती कायदे करत होते. त्याच वर्षांत एक सोयरीकही ते जुळवू पाहत होते. कागलच्या घाटग्यांची लेक इंदूरच्या होळकरांच्या घरी द्यायची, म्हणजे मराठा मुलगी धनगर राजघराण्यात द्यायची. त्या सोयरिकीच्या पुढच्या कथेत युरोप आहे, अमेरिका आहे, हिरे आहेत आणि राजाशी लग्न करणारी खरीखुरी नर्सही आहे.

सोयीच्या लग्नाची ही खरी गोष्ट कोल्हापूरकरांनी माहीत करून घ्यावी, कारण प्रेम मागाहून आलं की नाही याहून मोठा प्रश्न ती आपल्यासमोर ठेवते. सोय कोणाची पाहिली, आणि ज्याची बाजू पडती त्याच्या हातात काय होतं?

गादीसाठी जुळलेली लग्नं

संस्थानी घराण्यांत सोयीचं नसलेलं लग्न जवळपास नव्हतंच. पत्रिकेआधी घराणं पाहिलं जाई, घराण्याआधी तोफांच्या सलामीचा मान. वारस हवा, दत्तकाला भाऊबंदांचा पाठिंबा हवा, इंग्रज रेसिडेंटाची मर्जी हवी, आणि या सगळ्यांची गाठ एका लग्नात मारली जाई.

शाहू महाराज स्वतः कागलच्या घाटग्यांचे. जन्म २६ जून १८७४, नाव यशवंतराव. १७ मार्च १८८४ रोजी ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि दहा वर्षांनी, २ एप्रिल १८९४ रोजी, कारभार त्यांच्या हाती आला. त्याआधी १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकरांची कन्या लक्ष्मीबाई यांच्याशी त्यांचं लग्न झालं. तेही रिवाजाप्रमाणे ठरवलेलंच, पण ते नांदतं राहिलं.

त्यांच्या लेकीच्या वाट्याला हे सुख आलं नाही. राधाबाई, म्हणजेच आक्कासाहेब महाराज, यांचा विवाह १९०८ मध्ये देवास थोरली पातीचे तुकोजीराव पवार यांच्याशी झाला. बरोबरीचं घराणं, बरोबरीचा मान, पाहण्यासारखं सगळं पाहिलेलं. १९१० मध्ये मुलगाही झाला. पण संसार मोडला आणि आक्कासाहेब कोल्हापुरात माहेरी परत आल्या. याच देवासच्या दरबारात पुढे इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी काही काळ नोकरी केली आणि त्या दिवसांवर ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक लिहिलं. आक्कासाहेबांचे चिरंजीव विक्रमसिंह १९४७ मध्ये शहाजी छत्रपती म्हणून कोल्हापूरच्या गादीवर आले. राजकन्या होती म्हणून तिला माहेरचा वाडा उघडा राहिला. रयतेतल्या लेकीला मात्र ‘दिल्या घरी सुखी राहा’ एवढं एकच वाक्य ऐकवून परत पाठवलं जाई.

आधी कायदा

शाहू महाराजांच्या विवाहविषयक कायद्यांकडे या पार्श्वभूमीवर पाहायला हवं. विधवा पुनर्विवाहाच्या नोंदणीचा कायदा १९१७ चा. आंतरजातीय विवाहाला मान्यता, स्त्रियांना क्रूर वागणूक देण्यास प्रतिबंध आणि काडीमोडीबाबतचा कायदा ही त्याच्या लगतच्या दोन वर्षांतली कामं. जोगतिणी आणि अनौरस संततीच्या वारसाहक्काचा कायदा १९२० चा. अवघ्या तीन-चार वर्षांत एका संस्थानाने स्त्रीच्या आयुष्यातल्या जवळपास प्रत्येक वळणावर कायद्याचा खांब रोवला.

तेव्हा बाहेर काय परिस्थिती होती, हे पाहिल्यावर या कामाचं मोल कळतं. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७२ चा विशेष विवाह कायदा होता खरा, पण त्याखाली लग्न करायचं तर वधूवरांना ‘आम्ही हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही’ असं लिहून द्यावं लागे. जात ओलांडायची तर धर्म सोडल्याचं सांगा, अशी ती अट होती. सप्टेंबर १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांनी आंतरजातीय हिंदू विवाह वैध ठरवणारं विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात आणलं. शाहू महाराजांनी त्याला उघड पाठिंबा दिला. देशभर गदारोळ झाला आणि ते विधेयक काही कायदा होऊ शकलं नाही. हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नांनी १९२३ मध्ये १८७२ च्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना आपापला धर्म न नाकारता आपसांत नोंदणी विवाह करता येऊ लागला.

घटस्फोटाचंही तसंच. मुंबई प्रांतात हिंदूंना घटस्फोटाचा कायदा मिळाला १९४७ मध्ये, आणि देशभर हिंदू विवाह कायदा आला १९५५ मध्ये. पंचगंगेकाठच्या एका संस्थानाने हे पाऊल त्याआधी ३६ वर्षं टाकलं होतं.

महाराजांचा क्रम नीट पाहा. आधी बाईच्या हातात कायदा दिला आणि मग मोठ्या सोयरिकी प्रत्यक्षात आल्या. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

रोटी एक, बेटी वेगळी

होळकर घराण्याचे मूळ पुरुष मल्हारराव धनगर समाजातले. अहिल्यादेवी चौंडीच्या. दोन शतकं इंदूरवर या घराण्याची सत्ता होती, भोसले, गायकवाड, शिंदे यांच्या बरोबरीने दरबारात त्यांना मान होता. पंक्तीला मांडीला मांडी लावून बसत, लढाईत खांद्याला खांदा लावून लढत, पण मराठा घराणी होळकरांना मुलगी देत नसत. रोटीव्यवहार होता, बेटीव्यवहार नव्हता.

शाहू महाराजांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. जातिभेद मोडा असं व्यासपीठावरून सांगणारे पुष्कळ होते. महाराजांनी आपल्याच घरातली मुलगी पुढे केली. कागल धाकटी पातीचे दत्ताजीराव घाटगे यांची कन्या चंद्रप्रभाबाई ही नात्याने महाराजांची चुलत बहीण. तिचं लग्न इंदूरचे तुकोजीराव होळकर (तिसरे) यांचे चिरंजीव यशवंतराव यांच्याशी करायचं ठरलं. हे लग्न एकटं नव्हतं. कोल्हापूर आणि इंदूर या दोन संस्थानांत मिळून शंभर मराठा-धनगर विवाह घडवून आणायचे, अशी ती योजना होती, आणि त्यातले पंचवीसेक विवाह प्रत्यक्षात झाले, असं शाहूचरित्राचे अभ्यासक सांगतात.

याच कागल जहागिरीतल्या माणगावात मार्च १९२० मध्ये अस्पृश्यांची परिषद भरली आणि तिथे शाहू महाराजांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नेतृत्व जाहीरपणे पुढे आणलं. घाटग्यांच्या लेकीची सोयरीक आणि माणगावची परिषद एकाच विचारातून आलेल्या आहेत. ज्याला समतेवर बोलायचं आहे त्याने आपल्या उंबऱ्यापासून सुरुवात करावी, हा तो विचार.

हे लग्न पाहायला महाराज राहिले नाहीत. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. पण त्यांचे चिरंजीव राजाराम महाराज यांच्या कारकिर्दीत ठरलेला शब्द पाळला गेला आणि १९२४ मध्ये हे लग्न लागलं. होळकरांच्या घरी चंद्रप्रभाबाई संयोगिताराजे झाल्या.

लग्नात नवरा पंधरा वर्षांचा होता, नवरी त्याहून लहान. विवाहाचं किमान वय ठरवणारा शारदा कायदा आला १९२९ मध्ये. हेतू कितीही थोर असला तरी या दोघांना कोणी विचारलं नव्हतं. सामाजिक क्रांतीचा भार एका लहान मुलीच्या डोक्यावर ठेवला गेला होता, आणि शाहू महाराजांबद्दल नितांत आदर बाळगूनही हे नोंदवणं माझं कर्तव्य आहे.

ठरवलेल्या लग्नातला जिव्हाळा

तरीही या सोयरिकीला चांगली फळं आली. तरुण जोडपं इंग्लंडात राहिलं, यशवंतराव ऑक्सफर्डला शिकले. दोघांना आधुनिक कलेची गोडी लागली. जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियस याच्याकडून त्यांनी इंदुरात १९३० नंतर माणिकबाग हा राजवाडा सजवून घेतला. पोलाद, काच आणि साध्या सरळ रेषांचं ते काम त्या काळी युरोपातही नवलाचं होतं. रोमानियन शिल्पकार ब्रांकुशी याची ‘अवकाशातील पक्षी’ ही शिल्पं त्यांनी घेतली.

मॅन रे या छायाचित्रकाराने काढलेले या दोघांचे फोटो मुद्दाम पाहावेत. राजेराणी म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते खुर्चीत ताठ बसलेलं, कॅमेऱ्याकडे रोखून पाहणारं जोडपं. या फोटोंत तसं काही नाही. दोन तरुण माणसं एकमेकांना बिलगून, मनमोकळी हसताना दिसतात. फ्रेंच चित्रकार बर्नार बुते द मोंव्हेल याने दोघांची चित्रं दोनदा रंगवली. एकदा पाश्चात्त्य पोशाखात, आणि काही वर्षांनी मराठी राजवेषात. दुसऱ्या चित्रांत होळकरांची पगडी आहे, आणि ‘इंदूर पेअर्स’ म्हणून जगभर ओळखले जाणारे नासपतीच्या आकाराचे हिरे आहेत. कागलच्या वाड्यात जन्मलेली मुलगी पॅरिसच्या चित्रकारासमोर तितक्याच सहजतेने बसली आहे, हे त्या चित्रांतून कळतं.

१९३३ मध्ये त्यांना उषाराजे ही कन्या झाली. आणि १९३७ मध्ये संयोगिताराजे स्वित्झर्लंडमध्ये वारल्या. वय जेमतेम बावीस-तेवीस. ज्या लग्नासाठी दोन संस्थानांनी इतका खल केला, ते तेरा वर्षांत संपलं.

सिएटलची मुलगी आणि करवीरचे शंकराचार्य

आता थोडं मागे, यशवंतरावांच्या वडिलांकडे जाऊ.

तुकोजीराव होळकरांना २६ फेब्रुवारी १९२६ रोजी गादी सोडावी लागली. निमित्त होतं मुंबईतलं बावला खून प्रकरण. इंदूरच्या दरबारातली नर्तकी मुमताज तिथून निसटून मुंबईला आली होती. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मलबार हिलवर तिला पळवण्यासाठी तिच्या मोटारीवर हल्ला झाला, त्यात व्यापारी अब्दुल कादर बावला मारला गेला. योगायोगाने तिथून जाणाऱ्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांमुळे मुमताज वाचली. खटल्याचे धागे इंदूरपर्यंत पोचले, आणि चौकशीला सामोरं जाण्याऐवजी महाराजांनी पदत्याग केला.

त्यानंतर दोन वर्षांनी त्यांनी नॅन्सी अॅन मिलर या सिएटलच्या विशीतल्या अमेरिकन तरुणीशी लग्न ठरवलं. इथे पुन्हा कोल्हापूर येतं. परदेशी ख्रिस्ती मुलगी हिंदू रिवाजाप्रमाणे होळकरांची राणी कशी व्हायची? हा पेच सोडवला करवीर पीठाचे शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांनी. या विद्वान गृहस्थांना शाहू महाराजांनीच १९१७ मध्ये त्या पीठावर आणलं होतं. पुढे दोघांचं जमलं नाही, पण जुन्या चौकटीतून नवी वाट काढण्याची डॉ. कुर्तकोटींची तयारी कायम होती. मार्च १९२८ मध्ये नाशिकला त्यांच्या हस्ते मिस मिलर यांना हिंदू धर्माची दीक्षा मिळाली. शर्मिष्ठादेवी असं नाव ठेवलं गेलं. कर्नल लांभाते यांच्या कुटुंबाने त्यांना मुलगी म्हणून दत्तक घेतलं, म्हणजे त्या धनगर झाल्या. मग १७ मार्च १९२८ रोजी बडवाहला लग्न लागलं.

इथे दोन लग्नांतला फरक नीट लक्षात घ्यायला हवा. १९२४ मध्ये मराठा मुलगी मराठा राहूनच धनगर घरात गेली आणि जातीची भिंत सरळ ओलांडली गेली. १९२८ मध्ये अमेरिकन मुलीला आधी धर्म दिला, मग आईवडील दिले, मग जात दिली, आणि त्यानंतर तिचं लग्न ‘जातीतच’ लागलं. भिंत जागच्या जागी राहिली, तिला फक्त एक दार पाडलं गेलं, तेही एका श्रीमंत माणसासाठी. समाजसुधारणा आणि सवलत यांतला भेद याहून स्वच्छ कुठे दिसणार नाही.

शर्मिष्ठादेवींचा संसार मात्र टिकला. १९७८ मध्ये तुकोजीराव वारले तोवर या लग्नाला पन्नास वर्षं झाली होती. त्या स्वतः १९९५ पर्यंत होत्या.

नर्स महाराणी

कादंबरीतल्या नर्सला इतिहासात जागा मिळते ती यानंतर. संयोगिताराजे गेल्यावर पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, यशवंतराव होळकरांनी मार्गरिट लॉलर यांच्याशी लग्न केलं. या अमेरिकन बाईंचा पेशा नर्सचा. जगातल्या श्रीमंत संस्थानिकांपैकी एक, ऐन तिशीतला विधुर, पदरात चार-पाच वर्षांची आईवेगळी मुलगी, आणि माणसांची शुश्रूषा करून पोट भरणारी बाई. कादंबरीकाराला याहून वेगळं काय हवं असतं?

कादंबरी जिथे संपते तिथे खरी माणसं जगायला लागतात. पाच वर्षांत, १९४३ मध्ये, या दोघांचा घटस्फोट झाला. त्याच वर्षी यशवंतरावांनी युफेमिया क्रेन या दुसऱ्या अमेरिकन बाईंशी लग्न केलं आणि १९४४ मध्ये त्यांना मुलगा झाला. त्याचं नाव रिचर्ड, मराठी नाव शिवाजीराव.

या घटस्फोटाकडे कायद्याच्या नजरेने पाहा. १९४३ मध्ये हिंदुस्थानातल्या लाखो हिंदू बायकांना कोणत्याही कारणासाठी घटस्फोट मागता येत नव्हता. बडोदा, कोल्हापूर यांसारखी संस्थानं तेवढी अपवाद. मार्गरिट लॉलर यांच्या पाठीशी मात्र त्यांच्या देशाचा कायदा होता. लग्न टिकलं नाही तर त्यातून बाहेर पडण्याची रीतसर वाट होती, आणि हातात आपला पेशा होता. मुमताजकडे यातलं काही नव्हतं. ना लग्नाचा दाखला, ना कायदा. दरबारातून निघायचं म्हटल्यावर तिच्या मागे मारेकरी लागले. एकाच घराण्याभोवतीच्या या दोन बायका, मध्ये अठरा वर्षांचं अंतर. एकीला दार होतं, दुसरीला नव्हतं.

वारस कोण?

सोयीच्या लग्नाची खरी परीक्षा वारसाच्या वेळी होते. यशवंतरावांना एक मुलगी होती, कागलच्या राणीची, आणि एक मुलगा होता, अमेरिकन राणीचा. संस्थानी रिवाजाने मुलगाच गादीवर बसायचा. पण १९५० मध्ये भारत सरकारने उषाराजे यांना वारस म्हणून मान्यता दिली, आणि ५ डिसेंबर १९६१ रोजी यशवंतराव वारल्यावर होळकरांची गादी त्यांच्याकडे गेली. एका मराठा-धनगर आंतरजातीय विवाहातून जन्मलेली मुलगी त्या घराण्याची प्रमुख झाली. शाहू महाराजांनी आखलेल्या सोयरिकीचं याहून मोठं फळ ते कोणतं?

रिचर्ड होळकरांनीही आपला वारसा वेगळ्या तऱ्हेने जपला. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी सॅली यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस महेश्वरला ‘रेहवा’ ही संस्था काढली आणि मोडकळीला आलेल्या महेश्वरी साडीच्या मागांना पुन्हा काम मिळवून दिलं.

कोल्हापूर-इंदूरचा धागा तिथेही तुटला नाही. तुकोजीरावांच्या कन्या सीताराजे पुढे कागलच्या घाटग्यांच्या घरी सून म्हणून आल्या. आधी कागलची लेक इंदूरला गेली होती, पुढे इंदूरची लेक कागलला आली. म्हणजे बेटीव्यवहार दोन्ही बाजूंनी झाला, आणि समतेची खूण हीच असते. अभिनेते विजयेंद्र घाटगे याच कुटुंबातले. त्यांची कन्या, ‘चक दे इंडिया’ मधली सागरिका घाटगे, मूळची कोल्हापूरची. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये क्रिकेटपटू झहीर खान आणि तिचं लग्न झालं ते नोंदणी पद्धतीने. १९२८ मध्ये धर्म, आईवडील आणि जात अशी तीन दारं ओलांडून जे करावं लागलं, ते आता रजिस्टरवर सह्या करून झालं.

आजच्या नर्ससाठी

हा सगळा इतिहास सांगण्यामागे एक तळमळ आहे. कोल्हापूर-मिरज पट्टा नर्सिंगसाठी जुना प्रसिद्ध. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन इस्पितळ उभं केलं, त्यातून परिचारिकांच्या पिढ्या घडल्या. आज या भागातल्या मुली दुबई, कुवेत, सौदीला नोकरीसाठी जातात. तिथे त्यांची माणसांशी ओळख होणार, कधी मन जुळणार, कधी व्यवहारही जुळणार. त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही. पण कादंबरीच्या शेवटच्या पानावर विसंबून राहू नये.

आपल्याच देशात या स्वप्नाची काळी बाजू दिसलेली आहे. हैदराबादच्या जुन्या शहरात आखातातून येणाऱ्या म्हाताऱ्या पुरुषांशी कोवळ्या मुलींची पैसे घेऊन लग्नं लावली गेली. १९९१ मध्ये अशीच एक लहान मुलगी विमानात रडताना एका एअर होस्टेसला दिसली, तिने विचारपूस केली म्हणून ती सुटली. ‘लग्न’ या शब्दाखाली सौदा झाकला जातो तो असा.

म्हणून कायद्याच्या चार गोष्टी नीट माहीत हव्यात. नोकरीसाठी परदेशी जाताना आधी मान्यता पाहा. ज्या १८ देशांत जायला परवानगी लागते, तिथल्या नर्सच्या भरतीसाठी केंद्र सरकारने २०१५ पासून ठरावीक मान्यताप्राप्त संस्थांचा मार्ग घालून दिला आहे. त्याला वळसा घालून नेणाऱ्या दलालापासून लांब राहावं.

लग्न भारतात करायचं आणि धर्म वेगळे असतील, तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यासाठी दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेलं असावं लागतं. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ती फलकावर लागते, ३० दिवस हरकतींची वाट पाहायची, आणि मग तीन साक्षीदारांसमोर सह्या करायच्या. वराला २१ आणि वधूला १८ वर्षं पूर्ण हवीत. कोणालाही धर्म बदलावा लागत नाही, धर्म नाही असं लिहूनही द्यावं लागत नाही. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, दोघांपैकी कोणाचाही आधीचा जोडीदार हयात असेल आणि ते लग्न कायम असेल, तर या कायद्याखाली लग्न होऊच शकत नाही. जिथे पुरुषाला एकाहून अधिक बायका करण्याची मुभा आहे, अशा देशातल्या माणसाशी लग्न करताना ही अट मुलीसाठी कवच आहे. परदेशात लग्न करायचं असेल तर १९६९ चा परदेशी विवाह कायदा आहे. त्याखाली भारतीय वकिलातीतल्या विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न करता येतं, फक्त दोघांपैकी एक जण भारतीय नागरिक असावा लागतो.

नागरिकत्वाचंही लक्षात ठेवा. परदेशी माणसाशी लग्न केलं एवढ्याने भारतीय नागरिकत्व जात नाही. पण दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं की ते जातं. आणि नोकरीचा व्हिसा सोडून नवऱ्याच्या व्हिसावर राहायला गेलं की त्या देशातलं राहणंच नवऱ्याच्या मर्जीवर येऊन ठेपतं. म्हणून नर्सने आपली नोकरी, आपली नोंदणी आणि आपला पासपोर्ट शक्यतो स्वतःच्या हातातून जाऊ देऊ नये.

सोयीचं लग्न मुळात वाईट नसतं. आपल्या आज्यांची बहुतेक लग्नं सोयीचीच होती, आणि त्यांतली पुष्कळ मायेने भरली. शाहू महाराजांनी जुळवलेली सोयरीकही सोयीची होती, पण ती सोय समाजाची होती, आणि तिच्या आधी त्यांनी बाईच्या पाठीशी कायदा उभा केला होता. घरातली मुलगी उद्या देशात किंवा परदेशात, जातीत किंवा जातीबाहेर लग्न करायचं म्हणाली, तर मुलगा किती श्रीमंत आहे हे विचारण्याआधी तिला तीन गोष्टी विचारा. तुझी कमाई तुझ्या हातात राहणार आहे का? लग्नाची नोंदणी कोणत्या कायद्याखाली होणार आहे? आणि नाही जमलं तर परत यायची वाट कोणती? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माहेराने आजच देऊन ठेवावं.